घोडा ओळखता येतो, मग पैसा का मिळत नाही?

विद्यार्थी मित्रांनो, प्रथम एक लहानसा प्रश्न सोडवा. शर्यतीत दहा घोडे धावणार आहेत. त्यांपैकी तिसऱ्या क्रमांकाचा घोडा पहिला येण्याची संभाव्यता किती?

दहावीच्या पुस्तकातले ‘संभाव्यता’ हे प्रकरण ज्यांच्या डोक्यात ताजे आहे ते लगेच सांगतील : एकूण निष्पत्ती दहा, अनुकूल निष्पत्ती एक, म्हणून उत्तर १/१०. सूत्र बरोबर आठवले, भागाकारही बरोबर केला. तरीही उत्तर चुकले. कारण ते सूत्र एका अटीवर उभे आहे. सर्व निष्पत्ती समसंभाव्य असल्या पाहिजेत. फाशाच्या सहा बाजू सारख्या असतात, नाण्याला कोणतीच बाजू लाडकी नसते. म्हणून तिथे सूत्र चालते. घोडे मात्र सारखे नसतात. एक तीन वर्षांचा असतो, दुसरा सहा वर्षांचा. एकाच्या पाठीवर ५० किलो वजन असते, दुसऱ्याच्या पाठीवर ५९ किलो. एकाने मागच्या तिन्ही शर्यती जिंकलेल्या असतात, तर दुसरा कधी पहिल्या तिघांतही आलेला नसतो. या सर्वांना सारखीच १/१० संभाव्यता देणे म्हणजे हातात असलेली माहिती फेकून देणे होय.

मग ती संभाव्यता ठरवायची कशी? शर्यतीच्या जगात या कामाला ‘हँडिकॅपिंग’ म्हणतात. घोड्याचा पूर्वीचा वेग, अंतर, वजन, मैदानाची स्थिती, स्वार अशा अनेक गोष्टी जमेस धरून कोणता घोडा किती शक्य आहे हे ठरवायचे, असे ते काम आहे. ‘रेस’ हा शब्द आपल्या घरांत फारसा चांगला मानला जात नाही, आणि त्याला कारणेही आहेत. परंतु माझे मत असे आहे की, हा विषय शाळेत दडवून ठेवण्याऐवजी गणिताच्या तासाला उघडपणे मांडावा. जो विद्यार्थी हे गणित शेवटपर्यंत समजून घेईल, तो रेसच्या खिडकीपासून आपोआप दूर राहील. आणि जो अर्धवट समजून घेईल, त्यालाच धोका अधिक. हे मत तपासून पाहण्यासाठी तुम्हाला माझ्याबरोबर थोडे गणित करावे लागेल.

एकच शब्द, दोन उलट कामे

‘हँडिकॅप’ या शब्दाचा मूळ अर्थ थोडा वेगळा आहे. ज्या शर्यतीत चांगल्या घोड्यावर जास्त वजन आणि कमी प्रतीच्या घोड्यावर कमी वजन ठेवतात, ती हँडिकॅप शर्यत. जॉकी आणि खोगीर यांचे वजन काट्यावर करतात. ते ठरलेल्या वजनापेक्षा कमी भरले, तर खोगिराच्या खिशात शिशाचे तुकडे घालून भरती करतात. हे वजन ठरवणारा अधिकारी म्हणजे हँडिकॅपर. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये हेन्री जॉन राउस या आरमारी अधिकाऱ्याने या कामाला शिस्त लावली. कोणत्या वयाच्या घोड्याला वर्षाच्या कोणत्या महिन्यात किती वजनाची सूट द्यावी, याचे कोष्टक त्याने बसवले. तीन वर्षांचा घोडा अजून वाढत असतो, म्हणून पूर्ण वाढलेल्या घोड्याबरोबर धावताना त्याला सूट मिळते; आणि वर्ष जसजसे पुढे सरकते तसतशी ती सूट कमी होते. म्हणजे हे कोष्टक घोड्याच्या वाढीचा आलेखच होय.

वजनाने किती फरक पडतो? शर्यतीच्या लोकांचा एक ठोकताळा आहे. पाच फर्लांगांच्या, म्हणजे सुमारे एक किलोमीटरच्या शर्यतीत तीन पौंड जादा वजन घोड्याला एक घोडालांबी मागे ठेवते. लांब पल्ल्याच्या शर्यतीत तेवढ्याच फरकाला एक-दीड पौंडही पुरतो. १९१९ साली अमेरिकेत ‘मॅन ओ’ वॉर’ नावाचा घोडा साराटोगा येथे हरला. त्याच्या २१ शर्यतींपैकी हरलेली ती एकच. त्याच्या पाठीवर १३० पौंड होते आणि त्याला हरवणाऱ्या ‘अपसेट’ नावाच्या घोड्याच्या पाठीवर ११५ पौंड. पंधरा पौंड म्हणजे जवळजवळ सात किलो. हरण्याचे हे एकच कारण असेल असे नाही, पण वजनाचा विचार न करता त्या शर्यतीचा निकाल समजून घेता येणार नाही.

आता गंमत पाहा. वजन ठरवणाऱ्या हँडिकॅपरचे ध्येय काय? सगळे घोडे एकाच क्षणी अंतिम रेषेवर यावेत हे. त्याचे काम जितके उत्तम, तितके शर्यतीचे भाकीत करणे अवघड. आणि प्रेक्षकांत बसून हँडिकॅपिंग करणारा माणूस काय शोधतो? त्या अधिकाऱ्याच्या हातून राहिलेली चूक. एक जण कोडे घट्ट करत असतो, दुसरा ते सैल कुठे राहिले ते पाहत असतो. शब्द मात्र दोघांच्या कामाला एकच.

हजारात दीड भाग

अंदाज बांधणारा कोणकोणत्या गोष्टी पाहतो? मागील शर्यतींतले वेळ, ते कोणत्या अंतरावर व कोणत्या वजनाने केले, मैदान कोरडे होते की पावसाने भिजलेले, घोडा शेवटचा कधी धावला, सुरुवातीची जागा आतल्या कठड्याजवळ आहे की बाहेर, जॉकी कोण, ट्रेनर कोण, आईबाप कोण. मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सवर हिवाळ्यात शर्यती होतात आणि पुण्यात पावसाळ्यात. म्हणजे एकाच घोड्याला दोन निरनिराळ्या मैदानांवर धावावे लागते. पुण्याच्या ओल्या हिरवळीवर नोंदलेला वेळ महालक्ष्मीच्या कोरड्या मैदानाला जसाच्या तसा लावता येत नाही.

वंशाचा विचारही निव्वळ समजूत नव्हे. शर्यतीच्या ‘थरोब्रेड’ जातीच्या सर्व घोड्यांची नरांकडील वंशावळ तीनच घोड्यांपर्यंत मागे जाते. डब्लिन येथील शास्त्रज्ञांनी २०१० साली दाखवून दिले की, स्नायूंच्या वाढीला आवर घालणाऱ्या मायोस्टॅटिन या जनुकाच्या प्रकारावरून घोडा छोट्या अंतराचा की लांब पल्ल्याचा हे बऱ्याच अंशी सांगता येते. कोणता घोडा जिंकेल हे त्यावरून कळत नाही. कोणत्या अंतराला तो योग्य, एवढे कळते.

इतकी माहिती हाताशी असताना भाकीत अचूक का येत नाही? इथे एक सोपा हिशेब करा. घोडा १६०० मीटर अंतर साधारण १०० सेकंदांत तोडतो, म्हणजे वेग सेकंदाला १६ मीटर. घोड्याची लांबी धरा २.४ मीटर. पहिल्या आणि दुसऱ्या घोड्यात एका घोडालांबीचे अंतर राहिले, तर वेळेचा फरक पडतो ०.१५ सेकंद. १०० सेकंदांत ०.१५ सेकंद म्हणजे हजारात दीड भाग! पुष्कळ शर्यतींचा निकाल एवढ्याशा फरकाने लागतो. आता तुम्हीच विचार करा. तुम्ही रोज १०० मीटर पळालात तर तुमचा रोजचा वेळ हजारात दीड भाग इतका सारखा येईल का? झोप, खाणे, ऊन, वारा यांनी त्याहून मोठा फरक पडतो. घोडाही सजीवच आहे. चौखूर धावताना तो प्रत्येक झेपेला एकच श्वास घेतो. त्याची प्लीहा आकुंचन पावून रक्तात जादा तांबड्या पेशी सोडते. हृदय मिनिटाला दोनशेहून अधिक ठोके देते. या यंत्रणेत जरा कुठे कमी-अधिक झाले की हजारात दीड भाग सहज इकडचा तिकडे होतो.

शिवाय अपघात असतोच. १९६७ सालच्या इंग्लंडमधील ग्रँड नॅशनल शर्यतीत ४४ घोडे होते. तेविसाव्या अडथळ्यापाशी पुढच्या घोड्यांचा गोंधळ उडाला, कोणी पडले, कोणी अडले, कोणी माघारी फिरले. फार मागे राहिलेला ‘फॉइनाव्हन’ नावाचा घोडा त्या गोंधळातून वाट काढून पुढे गेला आणि जिंकला. त्याचा भाव होता एकास शंभर. तो मागे होता म्हणूनच वाचला! हे कोणत्या कोष्टकात बसवणार?

म्हणून विज्ञानाला मान्य होईल असे विधान ‘हा घोडा जिंकेल’ हे नव्हे. ‘हा घोडा जिंकण्याची संभाव्यता ३० टक्के आहे’ हे विधान शास्त्रीय होय. आणि ते खोटे ठरवायला एक शर्यत पुरत नाही. तुम्ही ज्या शंभर घोड्यांना ३० टक्के दिले, त्यांपैकी सुमारे तीस जिंकले की नाही हे पाहावे लागते.

अनेकांचे डोके

आता एक आश्चर्याची गोष्ट. फार खोल अभ्यास न करताही तुम्हाला बऱ्यापैकी चांगले भाकीत मिळू शकते. ते फळ्यावर लिहिलेले असते.

पॅरिसमध्ये १८६७ च्या सुमारास जोसेफ ओलेर याने पैजेची एक नवी पद्धत काढली. सर्वांचे पैसे एका ठिकाणी जमा करायचे, त्यांतून चालकाचा वाटा काढायचा आणि उरलेली रक्कम जिंकलेल्या घोड्यावर पैसे लावणाऱ्यांत त्यांच्या रकमेच्या प्रमाणात वाटायची. हीच आजची ‘टोट’ पद्धत. कोणत्या घोड्यावर किती रक्कम जमली हे क्षणोक्षणी मोजणे फार कटकटीचे होते. जॉर्ज ज्युलियस या ऑस्ट्रेलियातील अभियंत्याने मतमोजणीसाठी एक यंत्र योजले होते, पण ते सरकारने घेतले नाही. तेव्हा त्याने तीच कल्पना रेसकडे वळवली, आणि १९१३ साली न्यूझीलंडमध्ये ऑकलंड येथील एलर्सली रेसकोर्सवर त्याचे स्वयंचलित टोटलायझेटर सुरू झाले. तारा, कप्प्या आणि वजने यांवर चालणारे ते अवाढव्य गणनयंत्र होते.

हे यंत्र नकळत एक मोठा प्रयोग करते. हजारो माणसांची मते ते एकत्र करते. अशा एकत्रित मतात किती शहाणपण असते हे फ्रान्सिस गाल्टन याने १९०७ साली दाखवले. प्लिमथच्या जनावरांच्या प्रदर्शनात एका बैलाचे वजन ओळखण्याची स्पर्धा होती. ७८७ लोकांचे अंदाज त्याने क्रमाने लावले. मधला अंदाज आला १२०७ पौंड. प्रत्यक्ष वजन भरले ११९८ पौंड. चूक एक टक्क्याहून कमी! एकेकट्या माणसाच्या चुका उलटसुलट असतात. त्या एकमेकींना बऱ्याच अंशी खोडून काढतात.

रेसच्या भावांचेही तसेच आहे. १९४९ साली ग्रिफिथ या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने भाव आणि निकाल ताडून पाहिले. लोकांनी ज्या घोड्यांना जास्त पसंती दिली ते खरोखरच त्या प्रमाणात अधिक वेळा जिंकत होते. एकच दोष नियमाने आढळला : जिंकण्याची शक्यता फार कमी असलेल्या घोड्यांवर लोक गरजेपेक्षा जास्त पैसे लावतात आणि सर्वांत आवडत्या, म्हणजे ‘फेव्हरिट’ घोड्यावर थोडे कमी. रुपयाचे शंभर होतील या आशेने माणूस फसतो. तो दोष सोडला, तर फळ्यावरील भाव हे शर्यतीचे उत्तम भाकीत असते. फेव्हरिट घोडा साधारणपणे तीनांतली एक शर्यत जिंकतो. दहा घोड्यांच्या शर्यतीत १/१० ऐवजी १/३ हे काही लहान यश नव्हे.

इथेच घोडे पेंड खाते

तेव्हा घोडा ओळखता येतो, हे सिद्ध झाले. मग फेव्हरिटवर पैसे लावून श्रीमंत का होता येत नाही?

समजा, टोटमध्ये एका शर्यतीवर १०,००० रुपये जमले. चालकाचा वाटा व कर मिळून २० टक्के गेले, उरले ८,०००. फेव्हरिट घोड्यावर लोकांनी ४,००० रुपये लावले होते. तो जिंकला तर एका रुपयाचे दोन रुपये मिळतील. लोकांच्या मते त्या घोड्याची संभाव्यता ४०००/१००००, म्हणजे ४० टक्के. परंतु रुपयाचे दोन मिळत असतील, तर नुकसान टाळण्यासाठी तो घोडा निदान निम्म्या वेळा, म्हणजे ५० टक्के वेळा, जिंकला पाहिजे. याचा अर्थ लक्षात घ्या. लोकांचे मत बरोबर असेल तर तुम्ही हरणार. तुमचे मत लोकांइतकेच चांगले असेल तरीही हरणार. जमलेल्या सर्वांनी जिथे ४० म्हटले, तिथे खरा आकडा ५० हून अधिक असेल आणि तो फक्त तुम्हालाच माहीत असेल, तरच फायदा आहे.

बुकीकडे गेलात तरी तेच. चार घोड्यांचे भाव समजा असे आहेत : एकास दीड, एकास दोन, एकास चार, एकास पाच. एकास दोन म्हणजे जिंकल्यास एका रुपयावर दोन रुपये नफा आणि आपला रुपया परत. अर्थात तीन रुपयांत एक, म्हणून संभाव्यता १/३. याप्रमाणे चारही भावांचे टक्के काढा : ४०, ३३⅓, २० आणि १६⅔. आता बेरीज करा. येते ११०. घोडा तर एकच जिंकणार, म्हणजे बेरीज १०० हवी. वरचे १० कोणाचे? बुकीचे. रेसच्या भावांत कोणता घोडा जिंकणार हे लिहिलेले नसते, पण बुकी जिंकणार हे मात्र लिहिलेले असते. फक्त बेरीज करून ते वाचावे लागते.

अचूक भाकीत आणि फायदा यांतील अंतर दाखवणारे एक सुंदर उदाहरण आहे. १९७३ साली अमेरिकेतील बेल्मोंट शर्यतीत ‘सेक्रेटेरिएट’ हा घोडा तब्बल ३१ घोडालांब्यांनी जिंकला. दीड मैल अंतर त्याने २ मिनिटे २४ सेकंदांत तोडले. तो जिंकणार हे जवळजवळ प्रत्येकाला वाटत होते आणि प्रत्येकाचे खरे ठरले. बक्षीस काय मिळाले? दोन डॉलर लावणाऱ्याला दोन डॉलर वीस सेंट. म्हणजे अशा पैजेत नुकसान टाळण्यासाठीही शंभरांत ९१ वेळा बरोबर यावे लागेल.

आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली मद्रासच्या एका खटल्यात घोड्यांची शर्यत हा मुख्यतः कौशल्याचा खेळ आहे असा निकाल दिला. कोणी हा निकाल दाखवून म्हणेल, ‘पाहा, हा जुगार नाही.’ कौशल्य आहे हे मलाही मान्य आहे. वरची सारी चर्चा त्या कौशल्याचीच आहे. पण कौशल्य असणे आणि फायदा होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पोहण्यात कौशल्य असते. म्हणून प्रवाहाचा वेग आपल्या वेगाहून जास्त असताना प्रवाहाविरुद्ध पोहून पुढे जाता येत नाही. इथे प्रवाहाचा वेग म्हणजे चालकाचा वाटा आणि कर. भारतात १ ऑक्टोबर २०२३ पासून लावलेल्या संपूर्ण रकमेवर २८ टक्के वस्तू व सेवा कर आला आणि सप्टेंबर २०२५ मध्ये तो दर ४० टक्के झाला.

कोणीच जिंकले नाही का?

चौकस विद्यार्थी इथे हात वर करील : ‘पण कोणीतरी जिंकलेच असेल ना?’ होय, आणि ते लपवून ठेवणे प्रामाणिकपणाचे होणार नाही.

१९८६ साली बोल्टन आणि चॅपमन या दोन संशोधकांनी २०० शर्यतींच्या आकडेवारीवरून प्रत्येक घोड्याची संभाव्यता काढणारे एक गणिती सूत्र मांडले. त्याच काळात बिल बेंटर हा अमेरिकन गृहस्थ हाँगकाँगला गेला. तिथे दोनच रेसकोर्स होते, तेच ते घोडे पुन्हा पुन्हा धावत, आणि नोंदी उत्तम ठेवलेल्या होत्या. त्याने संगणकावर असे सूत्र वर्षानुवर्षे सुधारले आणि प्रचंड पैसा मिळवला. १९९४ साली त्याने आपली पद्धत लेख लिहून सांगितली. त्या लेखातली सर्वांत शिकण्यासारखी गोष्ट ही की, त्याचे सूत्र एकटे पुरेसे नव्हते. त्यात लोकांनी ठरवलेले भाव मिसळले तेव्हाच ते खऱ्या अर्थाने उपयोगी पडले. म्हणजे इतक्या मोठ्या हुशार माणसालाही लोकांच्या एकत्रित मतापुढे मान तुकवावी लागली.

पण यावरून काय निष्कर्ष काढायचा? हाँगकाँगमध्ये साध्या पैजेवर चालक सुमारे साडेसतरा टक्के काढून घेतो. बेंटरने मिळवलेला पैसा आकाशातून पडला नाही. तो दुसऱ्या पैज लावणाऱ्यांच्या खिशातून आला. चालकाचा वाटा जाऊन उरलेल्या रकमेतला मोठा हिस्सा संगणकवाल्याने नेला, तर इतरांच्या वाट्याला पूर्वीपेक्षाही कमी येणार. एक बेंटर जिंकला ही बाकीच्यांसाठी आशेची नव्हे, तर सावध होण्याची बातमी आहे.

टिप देणारा आणि त्याची यादी

बहुतेक लोक स्वतः हिशेब करतच नाहीत. ते दुसऱ्याची ‘टिप’ घेतात. टिप देणाऱ्याची चार भाकिते लागोपाठ खरी ठरली की त्याच्यावर विश्वास बसतो. हा विश्वास किती फसवा असू शकतो ते पाहा.

समजा, एका लबाड माणसाने १२९६ लोकांचे फोन क्रमांक मिळवले. सहा घोड्यांची शर्यत आहे. त्याने २१६ जणांना पहिल्या घोड्याचे नाव फुकट कळवले, २१६ जणांना दुसऱ्याचे, याप्रमाणे सहाही घोडे वाटून टाकले. शर्यत झाली. ज्यांना खरे नाव गेले ते २१६ जण ठेवले, बाकीचे सोडून दिले. दुसऱ्या शर्यतीला त्या २१६ जणांचे सहा गट केले, उरले ३६. तिसऱ्या शर्यतीनंतर ६. चौथीनंतर एक. या एका माणसाच्या दृष्टीने काय घडले? अनोळखी माणसाने चार शर्यतींचे विजेते आधी सांगितले आणि चारही खरे ठरले! पाचव्या टिपेसाठी तो मागेल ती रक्कम मिळेल. टिप देणाऱ्याला मात्र घोड्याचे शेपूट कुठे असते एवढेही ठाऊक असण्याची गरज नाही.

मित्रांनो, ही युक्ती फक्त रेसमध्ये चालते असे समजू नका. क्रिकेटचा निकाल, शेअरचा भाव, परीक्षेत येणारे प्रश्न, मुलगा होणार की मुलगी, अशा प्रत्येक ठिकाणी ती चालते. खरी ठरलेली भाकिते आपल्यापुढे येतात. खोटी ठरलेली कोणी छापत नाही. म्हणून कोणी भविष्य सांगितले की एकच प्रश्न विचारा : ‘तुमची सगळी भाकिते दाखवा, चुकलेलीसुद्धा.’

शाळेत काय करता येईल?

काही शिक्षक म्हणतील, ‘मुलांना रेसचे गणित शिकवणे म्हणजे आगीशी खेळ. आज ती भाव शिकतील, उद्या पैसे लावतील.’ ही भीती मी हसण्यावारी नेत नाही. पैजेपायी दागिने गहाण पडलेली घरे आपल्या गावांत व शहरांत आहेत. पण आपल्या गप्प बसण्याने मुलांपासून हे जग लपलेले नाही. मटका पूर्वी गल्लीत होता. पैज आता हातातल्या फोनवर आली. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला, हे चांगलेच झाले. तरीही कायदा मोडणाऱ्या वाटा निघतात, आणि त्या वाटेवर पाऊल टाकायचे की नाही हे ठरवताना मुलाजवळ पोलीस नसतो. त्याचे त्याचे डोके असते. ‘पैज वाईट’ एवढे सांगितले तर ते डोके विचारते, ‘पण मी हुशार असलो तर?’ या प्रश्नाला उपदेशाने उत्तर देता येत नाही. ११० च्या बेरजेने देता येते.

म्हणून शिक्षकांना तीन गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. तिन्हींत पैशाचा संबंध नाही.

पहिली, चिंचोक्यांची टोट. प्रत्येकाला शंभर चिंचोके द्यावेत. फासा टाकून सहा कागदी घोडे पुढे सरकवावेत. प्रत्येक फेरीत सर्वांनी आपले सारे चिंचोके लावावेत आणि शिक्षकांनी पाचांतला एक चिंचोका काढून घेऊन उरलेले जिंकणाऱ्यांत वाटावेत. वर्गातील एकूण चिंचोके दर फेरीला मोजून फळ्यावर लिहावेत. (जिंकलेल्या घोड्यावर कोणाचेच चिंचोके नसतील, तर ती फेरी रद्द करावी.) सरासरी शंभराचे पाच फेऱ्यांनंतर सुमारे ३३ उरतील आणि दहा फेऱ्यांनंतर जेमतेम ११. एक-दोघांकडे ढीग जमेल आणि सारा वर्ग त्यांच्याकडेच पाहील. तेव्हा शिक्षकांनी आपल्या टेबलावरच्या ढिगाकडे बोट दाखवावे.

दुसरी, क्रीडादिनी हँडिकॅप शर्यत. एक मुलगा १०० मीटर १४ सेकंदांत पळतो, दुसरा १६ सेकंदांत. १४ सेकंदांत दुसरा ८७.५ मीटर जाईल. म्हणून त्याला १२.५ मीटर पुढून सोडावे. गणित बरोबर असेल तर दोघे बरोबरीने पोचतील. प्रत्यक्षात काय होते ते निरनिराळ्या दिवशी पाहावे व नोंदवावे. घोडामैदान जवळच आहे! सजीवांच्या मोजमापात चढउतार किती असतो हे एका आठवड्यात कळेल, आणि नेहमी मागे पडणाऱ्या मुलालाही एकदा पहिले येण्याचा आनंद मिळेल.

तिसरी, भाकितवही. पावसाळ्यात रोज शाळा सुटताना प्रत्येकाने ‘उद्या पाऊस पडण्याची संभाव्यता’ टक्क्यांत लिहावी. अमेरिकेतील हवामानशास्त्रज्ञ ग्लेन ब्रायर याने १९५० साली अशा भाकितांना गुण देण्याची एक पद्धत सांगितली. पाऊस पडला तर १, नाही पडला तर ०. त्यातून आपली संभाव्यता वजा करून वर्ग करायचा. ७० टक्के लिहिले आणि पाऊस पडला तर ०.३ चा वर्ग, ०.०९. नाही पडला तर ०.७ चा वर्ग, ०.४९. आकडा जितका लहान तितके भाकीत चांगले. रोज डोळे मिटून ५० टक्के लिहिणाऱ्याला नेहमी ०.२५ मिळतील. महिन्याची सरासरी त्याहून कमी आली, तर तुम्हाला काहीतरी कळते आहे. जास्त आली, तर तुम्हाला कळते असे फक्त वाटते आहे. हा फरक दाखवणारी वही परीक्षेच्या गुणपत्रिकेपेक्षा कमी मोलाची नाही.

घोड्यांच्या शर्यतीतून घेण्यासारखे आहे ते हेच : माहिती जमवणे, तिला आकड्याचे रूप देणे, आणि निकाल लागल्यावर आपला आकडा निर्दयपणे तपासणे. शेतकरी पेरणीचा दिवस ठरवताना, डॉक्टर रोगाचे निदान करताना, अभियंता धरणाची उंची ठरवताना हेच करतात. त्यांच्यापुढचे प्रश्नही दहा समसंभाव्य निष्पत्तींचे नसतात. तेव्हा या पावसाळ्यात भाकितवही घाला आणि महिनाअखेरीस आपली सरासरी वर्गात सर्वांसमोर वाचून दाखवा. चुकलेली भाकिते मात्र खोडू नका.